अप्पांच्या कॉम्प्युटरच्या नोंदी: अडकलेलं अँटिव्हायरस अपडेट आणि फायरवॉलची निवड

दिवाळीला कराडला माहेरी आले, तेव्हा अप्पांच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसचं अपडेट कित्येक महिने झालेलं नव्हतं. दोन दिवसांचं काम समजून हात घातला, ते महिनाभर पुरलं. घरातल्या जुन्या मशीनवर असंच काही निस्तरत बसलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून रोज रात्री लिहून ठेवलेलं इथे देते आहे. चुकलेल्या पायऱ्याही तशाच ठेवल्या आहेत, कारण माझा बराचसा वेळ त्यांतच गेला.

मशीन २०१४ साली जोडून घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० होम, आवृत्ती २२एच२. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता बंद. वापरणारे तिघं: अप्पा (गृहनिर्माण सोसायटीचा हिशेब, लाइटबिल, बँक), आई (कीर्तनं ऐकायला) आणि बारावीतला माझा भाचा (सणांचे फ्लेक्स बनवायला).

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५ (वसुबारस)

घड्याळाशेजारी अँटिव्हायरसचं लाल चिन्ह. त्यावर क्लिक केलं की एवढंच लिहून येतं: अपडेट झालं नाही, सर्व्हरशी संपर्क होत नाही. मी संपर्काच्या मागे लागले. राउटर बंद-चालू केला, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बदलून पाहिला, केबल बदलली. मग कंपनीच्या साइटवरून ऑफलाइन अपडेटची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून चालवली. ती निमूटपणे पूर्ण झाली आणि तारीख होती तिथेच राहिली. यात चार तास गेले.

रात्री दहाच्या सुमाराला त्या सॉफ्टवेअरच्या 'अबाउट' खिडकीत एक ओळ दिसली: परवान्याची मुदत जूनमध्ये संपलेली. मुख्य पानावर याचा उल्लेखच नाही. हे सगळ्यात आधी बघायला हवं होतं. तुम्ही हेच काम करत असाल तर नेटला हात लावण्याआधी परवान्याची तारीख बघा.

अप्पांना विचारलं, "पुन्हा पैसे भरायचे का?"

ते म्हणाले, "तू सांगशील तसं. पण मागच्या वेळी भरले तेव्हापासूनच मशीन जड चालतंय बघ."

४ जीबी रॅममध्ये तो अँटिव्हायरसचा संच सतत पाऊण जीबी धरून बसला होता. तो काढायचा आणि विंडोजमधल्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरवर यायचं, असं ठरलं. अप्पांचा वापर पाहता मला तो पुरेसा वाटतो, आणि दुसरा अँटिव्हायरस नीट निघाला की तो आपोआप चालू होतो. निदान व्हायला हवा.

शनिवार, १८ ऑक्टोबर (धनत्रयोदशी)

कंट्रोल पॅनलमधून काढायला गेले. पट्टी ९० टक्क्यांवर जाऊन पाऊण तास तिथेच. मशीन परत चालू केलं तर सॉफ्टवेअर अर्धं गेलेलं, अर्धं राहिलेलं: चिन्ह नाही, पण सेवा चालू. विंडोज सिक्युरिटी अजूनही त्याचंच नाव दाखवत होतं, त्यामुळे डिफेंडर बाजूला बसून राहिला.

बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या उरलेसुरले तुकडे काढण्यासाठी स्वतंत्र साधन देतात. ते उतरवलं आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं उघडून, चालवलं. सेफ मोडला जायला एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत टिक केली होती. काम झाल्यावर ती काढायची राहिली आणि मशीन तीन वेळा सेफ मोडमध्येच उघडलं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं असतं तर हे टळलं असतं, कारण तो रस्ता एकाच वेळेपुरता असतो.

आता जुनं पूर्ण गेलं, पण डिफेंडर तरी कुठे जागा होतोय. 'रिअल टाइम प्रोटेक्शन'चं बटण राखाडी आणि वर ओळ: ही सेटिंग तुमचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सांभाळतो. घरच्या मशीनला कुठला आलाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटर? होम आवृत्तीत असे नियम बदलायची ग्रुप पॉलिसीची खिडकी नसते, म्हणून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, उघडली. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज डिफेंडर या शाखेत 'डिसेबल रिअलटाइम मॉनिटरिंग' नावाची नोंद आणि तिची किंमत १. आधी ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवली, मगच नोंद पुसली. रीस्टार्ट केल्यावर बटण चालू झालं. अपडेट दाबलं, व्याख्या (व्हायरस ओळखायच्या खुणांची यादी) उतरल्या, हिरवी खूण आली.

ही नोंद कुणी घातली याचा शोध त्याच रात्री घ्यायला हवा होता. आकाशकंदील लावायचा होता, म्हणून उठले.

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी चहा घेऊन बसले आणि पुन्हा लाल. या वेळी चूक क्रमांकासह: ०एक्स८००७२एफ८एफ. पाठोपाठ क्रोमनेही बँकेची साइट उघडायला नकार दिला: तुमचं घड्याळ मागे आहे. खाली कोपऱ्यात पाहिलं तर १ जानेवारी २०१३.

इथे सगळा उलगडा झाला. मी मशीन चालू करत होते तेव्हा अप्पा मागे उभे होते. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या आणि खाली 'एफ १ दाबा'. मी वाचेपर्यंत ते म्हणाले, "एफ १ दाब. रोज दाबावं लागतं." आणि त्यांनी टेबलावरची त्यांची वही पुढे केली. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. पहिल्याच पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं:

१. बोर्डाचं बटण. २. यूपीएस. ३. सीपीयू. ४. एफ १ दाबणे. ५. बँकेचं काम असल्यास तारीख दुरुस्त करणे.

वर्षभर ते हे करत होते. मदरबोर्डवरचा गोल सेल मेला होता. रात्री बोर्डाचं बटण बंद केलं की घड्याळ चालवायला काहीच उरत नव्हतं आणि बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, पहिल्या तारखेवर जात होतं. घड्याळ अनेक वर्षं मागे असलं की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं 'अजून सुरूच न झालेली' ठरतात. अपडेटचा सर्व्हरही मशीनच्या लेखी खोटा ठरतो, आणि डिफेंडर तिथून काही उतरवत नाही. १७ तारखेला मला यातलं काही दिसलं नाही, कारण सकाळीच लाइटबिल भरायला अप्पांनी तारीख हाताने दुरुस्त केली होती.

"मग मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? मशीन चालू होत होतं की."

एक गोष्ट इथे आवर्जून लिहिते. मला वाटलं होतं, विंडोज इंटरनेटवरून वेळ स्वतःच जुळवून घेईल. तसं होत नाही. घरगुती मशीनवर फरक सुमारे पंधरा तासांपेक्षा मोठा असला की वेळ जुळवणारी सेवा बदल नाकारते. कमांड प्रॉम्प्टवरून जबरदस्तीने जुळवायला गेले तर उत्तर आलं की हवा असलेला बदल फार मोठा आहे. म्हणजे सेल मेल्यावर घड्याळ आपोआप सुधारेल या भरवशावर राहू नका.

सेलचा क्रमांक सीआर२०३२. दिवाळीच्या गर्दीत मुख्य रस्त्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला, ४० रुपये. पिन भिंतीतून काढली, सीपीयूचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ दिली, मग झाकण उघडलं. आत बोटभर धूळ. सेलच्या बाजूची पत्र्याची क्लिप नखाने बाहेर ढकलली की सेल उडून वर येतो. स्क्रूड्रायव्हर घालू नका, शेजारचा मदरबोर्ड ओरखडतो. जुन्या सेलवर मल्टिमीटर लावला: १.९ व्होल्ट. नवा ३.२. लिहिलेली बाजू वर.

तुमच्या मशीनचा सेल पूर्ण मेलेला नसेल तर बदलण्याआधी बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः हार्ड डिस्कच्या जोडणीचा प्रकार कोणता आहे त्या पानाचा. सेल काढल्यावर तो बदलला तर विंडोज उघडतच नाही. आमच्याकडे सगळं आधीच मूळ सेटिंगवर गेलेलं होतं, त्यामुळे हा प्रश्न आला नाही.

बायोसमध्ये तारीख-वेळ टाकली, सेव्ह केलं. रात्री मुद्दाम बोर्डाचं बटण बंद केलं.

सोमवार, २० ऑक्टोबर (नरक चतुर्दशी)

पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर आधी मशीन लावलं. एफ १ विचारला नाही, तारीख बरोबर, अपडेट आपोआप झालेलं. अप्पांनी वहीतली चौथी ओळ खोडली.

मग पूर्ण स्कॅन लावला. चार मिनिटांत 'काही सापडलं नाही'. सहा लाखांच्या वर फाइली असलेली हार्ड डिस्क चार मिनिटांत तपासून होत नाही. विंडोज सिक्युरिटीत 'एक्सक्लूजन्स' उघडलं, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या जागा. तिथे एकच नोंद होती: अख्खा सी ड्राइव्ह. डिफेंडरला घरात ठेवलं होतं आणि सगळ्या खोल्यांना कुलूप घालून ठेवलं होतं.

ती नोंद काढून स्कॅन परत लावला. तीन तास पन्नास मिनिटं. सापडलेलं: फोटो सुधारायच्या एका महागड्या सॉफ्टवेअरची फोडलेली (पैसे न भरता चालेल अशी केलेली) प्रत, तिच्यासोबतची 'हॅकटूल' प्रकारातली एक फाइल, आणि 'होस्ट्स फाइल हायजॅक'. होस्ट्स ही विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरातली साधी मजकुराची फाइल. कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं हे मशीन सगळ्यात आधी तिच्यात बघतं. आमच्या फाइलमध्ये ४० च्या वर ओळी. बऱ्याचशा त्या फोटोच्या सॉफ्टवेअरचे परवाना तपासणारे पत्ते बंद करणाऱ्या, पण त्यांच्यात अँटिव्हायरस कंपन्यांचे तीन आणि मायक्रोसॉफ्टचा एक पत्ता घुसवलेला. पहिल्या दिवशीच्या 'सर्व्हरशी संपर्क होत नाही'चं दुसरं कारण हे.

भाच्याला बोलावलं. तो दाराशीच थांबला.

"आत्या, व्हिडिओत सांगितलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा आणि ही फाइल चालवा. मी तेवढंच केलं."

"कधी?"

"गणपतीच्या आधी. मंडळाचा फ्लेक्स करायचा होता."

जूनमध्ये जुन्याची मुदत संपल्यावर मधल्या काळात डिफेंडर जागा झाला असावा, आणि त्या फाइलने वगळण्याची नोंद, रजिस्ट्रीतली नोंद आणि होस्ट्सच्या ओळी एका दमात घातल्या असाव्यात. मी त्याला रागावले नाही. अठराव्या वर्षी हौसेने काही शिकणाऱ्या मुलाला दरमहा भरायची रक्कम परवडत नाही हे मला कळतं. पण त्या फाइलीच्या मागे आजोबांच्या बँकेचा पासवर्ड बसलेला होता, हे त्याला मशीनसमोर बसवून दाखवलं. त्याच्या कामाला जिंप आणि इंकस्केप ही दोन्ही फुकट सॉफ्टवेअर पुरतात. देवनागरी फॉन्ट दोन्हींत नीट चालतात हे त्यानेच तासाभरात तपासलं.

अप्पांचे बँक आणि ईमेलचे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले. ज्या मशीनवर शंका आहे त्याच मशीनवरून बदलू नयेत.

रात्री 'डिफेंडर ऑफलाइन' स्कॅन. यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते. वीस मिनिटं लागली, काही निघालं नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर (लक्ष्मीपूजन)

एकच काम. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-ओळ असते, ती अँटिव्हायरस जागा आहे का हे बघण्यासाठीच बनवलेली आहे. नोटपॅडमध्ये ती सेव्ह केली. सेव्ह होताक्षणी डिफेंडरने उचलली. संध्याकाळी पूजेत वहीखात्यांबरोबर अप्पांनी कीबोर्डलाही हळदकुंकू लावलं.

बुधवार, २२ ऑक्टोबर (पाडवा)

आता फायरवॉल, म्हणजे नेटवरून मशीनमध्ये काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणारी राखण. तीही बंद निघाली, तिन्ही प्रोफाइलमध्ये (डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशा नेटवर्कच्या प्रकारांप्रमाणे तिच्या वेगळ्या सेटिंग्ज असतात). जुन्या अँटिव्हायरसच्या संचात स्वतःची फायरवॉल होती. त्याने विंडोजची बंद करून आपली लावली, आणि जाताना विंडोजची परत चालू केली नाही. संच काढणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट बघावीच. मी चार दिवस बघितली नव्हती.

फायरवॉलबद्दल मला इतकी आस्था का, ते सांगते. ऑगस्ट २००३ मध्ये मी इथल्याच एका सायबर कॅफेत प्रोजेक्ट टाइप करत बसले होते. अचानक खिडकी आली, ६० सेकंदांत मशीन बंद होईल, आणि आकडे उतरायला लागले. शेजारच्या मशीनवरही तेच. तो ब्लास्टर वर्म होता, म्हणजे नेटवरून आपणहून पसरणारा व्हायरस. कुणी काही उघडलं नव्हतं, कशावर क्लिक केलं नव्हतं. नेटला जोडलेलं असणं आणि १३५ क्रमांकाचं पोर्ट (नेटवरून मशीनमध्ये यायच्या अनेक दारांपैकी एक) उघडं असणं त्याला पुरत होतं. विंडोज एक्सपीत तेव्हाही फायरवॉल होती, पण बंद असायची. पुढे ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने ती मुळातच चालू द्यायला सुरुवात केली. माझा तो प्रोजेक्ट सेव्ह केलेला नव्हता. सत्तावीस पानं गेली.

पर्याय चार धरले: विंडोजची स्वतःची, टायनीवॉल, सिंपलवॉल आणि ग्लासवायर. कसोटी एकच, मी पुण्याला गेल्यावर अप्पांना एकट्याने निभावता आलं पाहिजे.

ग्लासवायरमध्ये कुठला प्रोग्राम कुठे बोलतोय ते आलेखावर छान दिसतं, पण या रॅमवर मशीन दमलं. अर्ध्या तासात काढलं.

सिंपलवॉल हलकं आहे. नवा प्रोग्राम बाहेर जाऊ लागला की ते विचारतं, जाऊ देऊ की अडवू? मी बाजूला बसले आणि अप्पांना चालवू दिलं. पहिल्या दहा मिनिटांत सात प्रश्न. 'सर्व्हिस होस्ट' हे नाव त्यांच्या ओळखीचं नाही, म्हणून त्यांनी अडवलं. माझ्या मते त्यांचं बरोबरच होतं, अनोळखी माणसाला दारातून परत पाठवावं हेच आपण त्यांना सांगत आलो. पण विंडोजच्या निम्म्या सेवा त्याच नावाने बाहेर जातात, त्यामुळे क्षणात सगळं ठप्प झालं. ज्याच्या उत्तरासाठी मीच लागणार, असं साधन त्यांच्या टेबलावर ठेवण्यात अर्थ नव्हता.

टायनीवॉल काहीच विचारत नाही. यादीत नसलेल्याला गुपचूप अडवतं. जाणत्या माणसाच्या मशीनवर मी ते आजही घालीन. इथे अडचण अशी की काही अडलं तर का अडलं हे अप्पांना कळणार नाही आणि ते मशीनच बिघडलं समजणार.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

काल भाऊबीज, मशीनला हात नाही.

विंडोजच्या फायरवॉलवर आले. ही मुळात आत येणारं अडवते आणि बाहेर जाणारं जाऊ देते. फोडलेल्या सॉफ्टवेअरचा धसका मनात होता, म्हणून मी बाहेर जाणारंही बंद करायचं ठरवलं. प्रगत सुरक्षेच्या खिडकीत तिन्ही प्रोफाइलना बाहेरचं 'ब्लॉक' केलं आणि क्रोम, अपडेटची सेवा आणि डिफेंडरची फाइल यांना एकेक परवानगीचा नियम लिहिला.

लगेच अपडेट बंद, क्रमांक ०एक्स८००७२ईएफडी, म्हणजे जोडणीच होत नाही. अपडेटच्या सेवेच्या नावाने लिहिलेला नियम चालेना. डिफेंडरच्या फाइलला थेट दिलेला नियम मात्र चालला आणि व्याख्या उतरल्या. यावर मी समाधान मानलं. ही या सगळ्या कामातली माझी सगळ्यात महाग चूक, त्याबद्दल पुढे.

आधीच्या परवानग्यांची यादीही तपासली. २७ नोंदी. जुने खेळ, एक टॉरेंटचा प्रोग्राम, आणि दुरून मशीनचा ताबा देणारं एक सॉफ्टवेअर. याबद्दल अप्पांना विचारलं तर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी फोन आला होता. म्हणाला, कॉम्प्युटर दुरुस्त करून देतो. हे घालायला लावलं. नंतर आईने फोन ठेवायला लावला." पैसे गेले नव्हते. ते सॉफ्टवेअर काढलं. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा क्रमांक त्यांच्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

राउटर. अ‍ॅडमिनचा पासवर्ड डब्यावर छापलेलाच होता, तो बदलला. बाहेरून राउटर चालवायची सोय चालू होती, ती बंद. यूपीएनपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय, तीही बंद केली. भाच्याच्या एका खेळाला थोडा त्रास होईल, ते त्याला सांगितलं.

गिब्सन रिसर्चची शील्ड्सअप ही चाचणी चालवली. ती पहिली १०५६ पोर्टं बाहेरून ठोठावून बघते. सगळी बंद दिसली. पण यावर फार विसंबू नका. आपल्याकडे बऱ्याच नेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात. तसं असेल तर ठोठावलं जातं ते कंपनीचं दार, आपलं नाही.

घरातलं नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवायचं की 'पब्लिक', यावर बराच विचार केला. वरच्या मजल्यावरचे भाडेकरूही हेच वायफाय वापरतात, त्यांच्या घरी येणारे-जाणारेही. म्हणून पब्लिक, आणि 'येणारं सगळं अडवा, यादीतल्या प्रोग्रामचंही' यावर टिक. लगेच वायफाय प्रिंटर दिसेनासा झाला. उपाय सोपा: १५० रुपयांची यूएसबी केबल. प्रिंटर टेबलावरच असतो.

फायरवॉलची लॉग फाइल मुळात बंद असते, ती चालू केली. तासाभरात अडवलेल्या शेकडो ओळी. जरा घाबरले. मग नीट वाचल्या: जवळपास सगळ्या घरातल्याच पत्त्यांवरून, पोर्ट ५३५३, १९०० आणि १३७. टीव्ही, फोन आणि राउटर एकमेकांना हाका मारत होते. लॉग पहिल्यांदा उघडणाऱ्याने आधी हे तीन आकडे वगळून बघावं.

रविवार, २६ ऑक्टोबर

विंडोज १० चा साधा पाठिंबा १४ ऑक्टोबरलाच संपला. वाढीव सुरक्षा अपडेटमध्ये नाव नोंदवलं, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवायला संमती दिली की पैसे पडत नाहीत. ते नको असेल तर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलर. अप्पांचं खातं फक्त मशीनपुरतं होतं, म्हणून आधी मायक्रोसॉफ्टचं खातं काढावं लागलं, त्यात तास गेला. डिफेंडरच्या व्याख्या विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत.

निघण्याआधी बाहेर जाणारं थोडा वेळ उघडून साचलेली सगळी अपडेट घेतली, परत बंद केलं, आणि सहाची एसटी धरली.

रविवार, २ नोव्हेंबर

अप्पांचा फोन. "लाल आलंय." क्रमांक वाचून दाखवायला सांगितला. एकेक अक्षर सावकाश वाचलं त्यांनी: ०एक्स८००७२ईएफडी. व्याख्या २६ तारखेच्याच.

रात्री माझ्या मशीनवर शोधलं आणि समजलं. डिफेंडरच्या चालत्या फाइली 'प्रोग्रामडेटा'तल्या 'प्लॅटफॉर्म' फोल्डरात असतात, आणि आतल्या फोल्डराचं नाव म्हणजे आवृत्तीचा आकडा. नवी आवृत्ती आली की फोल्डर नवं. माझा नियम जुन्या फोल्डरातल्या फाइलला परवानगी देत होता. निघताना घाईने घेतलेल्या अपडेटमध्ये आवृत्ती बदलली आणि दार बंद झालं. त्याशिवाय विंडोजची महिन्याची अपडेटही मी या नियमांनी अडवून ठेवली होती. अँटिव्हायरसचं अपडेट सुरू करायला निघाले आणि माझ्याच हाताने ते आठवडाभर बंद ठेवलं. फोनवरून अप्पांना रजिस्ट्री किंवा नियम उघडायला लावायचे नाहीत, हे मी ठरवून ठेवलंय. त्यांना एवढंच सांगितलं, मी येईपर्यंत बँकेचं काम फोनवर करा.

रविवार, १६ नोव्हेंबर

कराडला जाऊन आले. तिन्ही प्रोफाइलमध्ये बाहेर जाणारं परत 'अलाऊ' केलं, माझे सगळे नियम पुसले. येणारं पूर्ण बंद, ते तसंच. दहा मिनिटांचं काम. अपडेट लगेच उतरलं.

भाच्याला अ‍ॅडमिन नसलेलं वेगळं खातं करून दिलं. अप्पांचं रोजचं खातंही साधं केलं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात, पाकीट आईच्या कपाटात. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कुठल्याही फायरवॉलपेक्षा याचा उपयोग या घरात जास्त आहे असं माझं मत झालंय, कारण इथे जे शिरलं ते कुणीतरी आतून दार उघडल्यामुळे शिरलं.

खर्च: सेल ४० रुपये, केबल १५० रुपये, एसटीची एक जादा फेरी. वेळ: एकूण २६ तास, त्यातले निदान ११ चुकीच्या दिशेने.

रविवार, ३० नोव्हेंबर

अप्पांनी फोनवरून वहीचं पान पाठवलं. आता त्यावर चारच ओळी आहेत, आणि शेवटची त्यांनी स्वतः घातलेली: दर रविवारी ढालीच्या चिन्हावर जाऊन तारीख बघणे. खाली आजची नोंद, ३०/११, सकाळी ८.१०, हिरवी.